सवडीच्या चाहत्याचं नऊ खिशांचं पान

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येक संघ ऐंशीच्या वर सामने खेळतो, म्हणजे सगळी लीग मिळून तेराशेच्या घरात. त्यानंतर स्टॅन्ली कपसाठी, म्हणजे लीगच्या विजेतेपदासाठी, सोळा संघ, चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी जिंकायला चार सामने जिंकावे लागतात. टोरोंटोत संध्याकाळी सातला पडलेला पक (बर्फावर सरकणारी रबरी चकती) हिवाळ्यात पुण्या-मुंबईत पहाटे साडेपाचला पडतो. एवढं सगळं पाहणं नोकरी-संसार सांभाळून जमत नाही, आणि जमवायची गरजही नाही. शनिवारी-रविवारी ठळक क्षण पाहणारा, एखाद्या संघावर माया ठेवणारा, एप्रिल-मेमध्ये मात्र नेमाने गुण बघणारा असा जो सवडीचा चाहता असतो, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. (हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खडकीचं मैदान आणि धनराज पिल्ले येतात. इथे बोलतोय ते बर्फावरच्या हॉकीबद्दल, जी कॅनडात गल्लीबोळात खेळली जाते.)

माझं म्हणणं एवढंच आहे: सवडीच्या चाहत्याने खेळाडूंची कार्डं जमवावीत, म्हणजे पुढे फोटो आणि मागे आकडे छापलेली छोटी कार्डं, पण गुंतवणूकदाराच्या पद्धतीने नाही. त्याने काय जमवायचं याचं स्वतःचं छोटं कुंपण घालावं, सुटी कार्डं विकत घ्यावीत, आणि प्रत्येक कार्ड उलटं करून वाचावं. हॉकीचा इतिहास असा हळूहळू हातात येतो, तसा तो सामन्यांच्या तुकड्यांतून येत नाही.

हॉकीचं कार्ड साधारणपणे अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असतं. कॅनडातल्या लंडन शहरातल्या ओ-पी-ची या च्युइंगमच्या कंपनीने १९३३-३४ मध्ये हॉकीची कार्डं काढायला सुरुवात केली. पार्कहर्स्टचा पहिला संच १९५१-५२ चा, आणि गॉर्डी हाउ, मॉरिस रिशार या दिग्गजांची पहिली महत्त्वाची कार्डं त्यातच आहेत. पुढे अमेरिकेतली टॉप्स आली. टॉप्स आणि ओ-पी-ची यांचे संच बरीच वर्षं दिसायला जुळे असत. फरक मागच्या बाजूला. टॉप्सची मजकूर-बाजू फक्त इंग्रजीत, ओ-पी-चीची इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत. १९९०-९१ मध्ये अप्पर डेक, प्रो सेट, स्कोअर असे नवे छापणारे एकदम बाजारात उतरले आणि कार्डांचा पूर आला. आज लीगचा परवाना अप्पर डेककडे आहे. ओ-पी-ची आणि पार्कहर्स्ट ही नावंही आता तीच कंपनी वापरते, त्यामुळे नुसतं नाव पाहून कार्ड जुनं समजू नका.

कार्ड कोणत्या वर्षाचं हे ओळखायची सोपी खूण आकड्यांच्या तक्त्यात आहे. तक्त्याची शेवटची ओळ १९८९-९० ची असेल, तर कार्ड १९९०-९१ च्या मोसमाचं. मोसम दोन वर्षांत पसरलेला असतो आणि कार्ड छापताना मागचाच मोसम पूर्ण झालेला असतो. हीच गोष्ट फोटोलाही लागू आहे. कार्डावर नवा संघ लिहिलेला असतो आणि अंगात जर्सी जुनी असते, असं कितीदा तरी दिसतं. फोटो मागच्या मोसमातला, खेळाडू उन्हाळ्यात दुसरीकडे गेलेला. याला दोष मानू नका, पण विकत घेताना लक्षात ठेवा.

आता मागची बाजू जरा जवळून पाहू. वर कार्डाचा क्रमांक, मग उंची, वजन, जन्मगाव, डावखुरा की उजवा. खाली रकाने: सामने, गोल, असिस्ट (दुसऱ्याच्या गोलसाठी पक देणं), गुण, आणि शिक्षेची मिनिटं (नियम मोडल्याबद्दल बाहेर बसलेला वेळ). गोल आणि असिस्ट यांची बेरीज म्हणजे गुण. सुरुवातीला डोळा गोलवर जातो. पण वेन ग्रेट्स्कीची ओळ काढा. १९८५-८६ मध्ये ५२ गोल आणि १६३ असिस्ट, एकूण २१५. त्याची कारकीर्द ८९४ गोल आणि १,९६३ असिस्ट अशी संपली. दुसऱ्या क्रमांकावरच्या यारोमिर यागरचे गोल आणि असिस्ट मिळून १,९२१ गुण होतात. म्हणजे ग्रेट्स्कीने एकही गोल केला नसता तरी तो यादीत वरच राहिला असता. गोलांचा विक्रम अलेक्स ओवेचकिनने ६ एप्रिल २०२५ ला ८९५ वा गोल मारून मोडला. असिस्टच्या रकान्याच्या आसपासही कोणी नाही. एक रकाना नीट वाचला की पुढचा सामना पाहताना नजर पकवर न राहता पक देणाऱ्याकडे वळते. कार्डाचा खरा उपयोग मला हा वाटतो.

शिक्षेच्या मिनिटांचा रकानाही असाच बोलका आहे. गोल पाच आणि मिनिटं दोनशे असतील, तर त्या माणसाचं संघातलं काम वेगळं, धक्काबुक्कीचं होतं हे सांगायला समालोचक लागत नाही.

कुंपण कसं घालायचं? एक संघ, हा सरळ मार्ग. टोरोंटो मेपल लीफ्सने शेवटचा कप १९६७ मध्ये जिंकला. माँट्रियलकडे २४ कप आहेत, आणि १९९३ चा त्यांचा कप हा कॅनडातल्या कोणत्याही संघाचा आजवरचा शेवटचा. असा संघ धरला की दरवर्षी वीस-पंचवीस कार्डांत काम होतं. दुसरा मार्ग गेलेल्या संघांचा. मिनेसोटा नॉर्थ स्टार्स १९९३ मध्ये डॅलसला गेले, क्यूबेक नॉर्डिक्स १९९५ मध्ये कोलोराडोला, हार्टफर्ड व्हेलर्स १९९७ मध्ये कॅरोलिनाला, अटलांटा थ्रॅशर्स २०११ मध्ये विनिपेगला. हार्टफर्डचं चिन्ह हातात घेऊन बघा. वर निळं व्हेलचं शेपूट, खाली हिरवा डब्ल्यू, आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत उमटलेला एच. गाव संघाला मुकलं, पण हे चिन्ह आजही कार्डांवर तसंच्या तसं आहे.

भारतीय वंशाच्या खेळाडूंचा संग्रहही छान होतो आणि तो आवाक्यातला आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या डंकनचा रॉबिन बावा १९८९-९० मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला आणि या लीगमधला पहिला दक्षिण आशियाई वंशाचा खेळाडू ठरला. मिसिसागाच्या मॅनी मल्होत्राला न्यू यॉर्क रेंजर्सने १९९८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडलं. मग सरे गावचे जुझार खैरा आणि अर्शदीप बैंस. कॅनडात २००८ पासून हॉकीचं पंजाबी समालोचनही होतं. ब्रॅम्प्टन-मिसिसागातल्या मराठी घरांत मुलांचं हॉकीशी नातं शाळेतूनच जुळतं. त्या मुलांना पहिला संग्रह कोणता लावून द्यावा असं कोणी विचारलं, तर मी हा सांगेन.

पण मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते डोक्यावरच्या हेल्मेटचं पान. नऊ खिशांचं एकच प्लास्टिकचं पान, तीन ओळी, आणि त्यात खेळाडूंच्या डोक्यांचा सगळा इतिहास. खर्च जवळजवळ नाही, म्हणून ते तपशीलात सांगतो.

पार्श्वभूमी अशी. १९६८ च्या जानेवारीत मिनेसोटा नॉर्थ स्टार्सचा बिल मास्टरटन सामन्यात बर्फावर डोकं आपटून दगावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तेव्हा बहुतेकांच्या नसायचं. तरी सक्ती यायला १९७९ उजाडलं, आणि तीही फक्त नव्यांना. १ जून १९७९ च्या आधी ज्यांचा व्यावसायिक करार झाला होता, त्यांना लेखी जबाबदारी घेऊन उघड्या डोक्याने खेळायची मुभा राहिली. म्हणून पुढची अठरा वर्षं एकाच बर्फावर हेल्मेटवाले आणि बिनहेल्मेटवाले एकत्र खेळत होते. शेवटचा उघड्या डोक्याचा खेळाडू क्रेग मॅक्टॅव्हिश १९९७ मध्ये निवृत्त झाला.

आता जुळून आलेली गोष्ट बघा. कार्डांचा पूर आला १९९०-९१ मध्ये, आणि तेव्हा ही मंडळी अजून खेळत होती. म्हणजे उघड्या डोक्यांची ही शेवटची पिढी सगळ्यात स्वस्त कार्डांवर सापडते.

पहिल्या ओळीत तीन उघडी डोकी. पहिल्या खिशात गी लाफ्लर. १९८८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे निवृत्त दिग्गजांच्या मानाच्या यादीत, मान मिळाल्यावर हा माणूस परत खेळायला आला, आधी रेंजर्सकडून आणि मग क्यूबेककडून, आणि १९९१ पर्यंत खेळला. १९९०-९१ च्या कार्डावर त्याचे मागे उडणारे केस बघायला मिळतात. दुसऱ्या खिशात वॉशिंग्टनचा रॉड लँगवे, तिसऱ्यात मॅक्टॅव्हिश. यांतला एखादा नाही मिळाला तर शिकागोचा डग विल्सन, विनिपेगचा रँडी कार्लाइल किंवा ब्रॅड मार्श चालतो.

दुसऱ्या ओळीत हेल्मेट आहे पण डोळ्यांपुढे काच नाही. इथे ग्रेट्स्की ठेवा, लॉस एंजेलिसच्या काळातला. त्याचं जोफा कंपनीचं हेल्मेट गोल, पातळ, टोपीसारखं आहे. शेजारी मार्क मेसियर, विनवेलचं ठोकळ्यासारखं हेल्मेट घातलेला. दोघं एडमंटनमध्ये एकत्र खेळले, आणि दोघांची हेल्मेटं इतकी निराळी की लांबूनही माणूस ओळखू यावा. तिसरा डेट्रॉइटचा स्टीव्ह आयझरमन, नव्वदीच्या दशकातला.

तिसऱ्या ओळीत व्हायझर, म्हणजे कपाळापासून नाकापर्यंत येणारी पारदर्शक काच. सातव्या खिशात पुन्हा आयझरमनच, पण २००५-०६ चा. २००४ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे कपाच्या फेऱ्यांत, पक डोळ्यावर बसला, शस्त्रक्रिया झाली, आणि तो परतला तो व्हायझर लावून. इथे वर सांगितलेली फोटोची अडचण नेमकी आडवी येते. २००४-०५ चा मोसम वेतनाच्या वादात पूर्ण रद्द झाला होता, त्यामुळे नंतरच्या कार्डांवर कित्येकदा जुनेच फोटो आहेत. विक्रेत्याने दिलेल्या चित्रात काच दिसते का ते बघूनच हे कार्ड घ्या, नुसत्या क्रमांकावर जाऊ नका. आठव्या खिशात नेथन मॅकिनन. २०१३-१४ पासून, २६ पेक्षा कमी सामने खेळलेल्या प्रत्येकाला व्हायझर सक्तीचा झाला आणि मॅकिनन त्याच मोसमात अठराव्या वर्षी उतरला. त्याचं पदार्पणाचं कार्ड महाग आहे, त्याची इथे गरज नाही. कोणत्याही वर्षीचं साधं कार्ड पुरतं. नववा खिसा रिकामा ठेवा, त्याकडे शेवटी येतो.

असंच पान गोलरक्षकांच्या मुखवट्यांचंही होतं. जॅक प्लांटने १ नोव्हेंबर १९५९ ला न्यू यॉर्कमध्ये पक तोंडावर बसल्यावर मुखवटा घालून सामना पुरा केला आणि नंतर तो फारसा काढला नाही. लीगमधला शेवटचा उघड्या चेहऱ्याचा गोलरक्षक अँडी ब्राउन, १९७४ पर्यंत. पण त्या काळची कार्डं महाग आहेत, म्हणून सुरुवात हेल्मेटने करा.

विकत घेण्याबद्दल स्पष्ट बोलतो. कार्डांच्या पाकिटांचा बंद डबा फोडण्यात मजा आहे, पण संग्रह त्याने होत नाही. हिशेब करून बघा. अप्पर डेकच्या मुख्य मालिकेच्या प्रत्येक भागात नवोदितांची ‘यंग गन्स’ नावाची ५० कार्डं असतात आणि दुकानातल्या एका डब्यात ती साधारण सहा निघतात. म्हणजे हवा तो एक नवोदित एका डब्यात मिळण्याची शक्यता शंभरात बारा. सरासरीने आठ-नऊ डबे. आणि पन्नासच्या पन्नास फक्त डबे फोडून पुरी करायची म्हटलं, अदलाबदल न करता, तर संभाव्यतेच्या गणिताने सुमारे २२५ यंग गन्स काढावी लागतील. म्हणजे ३७-३८ डबे. शेवटची पाच कार्डं मिळवताना जुनी पुन्हा पुन्हा निघतात, तिथेच जवळजवळ निम्मा खर्च जातो. २०१५-१६ मध्ये कॉनर मॅकडेव्हिडच्या २०१ क्रमांकासाठी किंवा २०२३-२४ मध्ये कॉनर बेडार्डच्या ४५१ साठी जे लोक डब्यांमागे धावले, त्यांच्यातल्या बहुतेकांना ते सुटं घेणं स्वस्त पडलं असतं.

डबा फोडायचाच असेल तर १९९०-९१ चा फोडा. तेव्हा इतकं छापलं गेलं की बंद डबे आजही स्वस्तात मिळतात आणि एका डब्यातून चार-पाचशे कार्डं निघतात. लहान मुलांबरोबर बसून संघवार गठ्ठे लावायला याहून चांगलं काही नाही. एक धोका आहे. चकचकीत लेप असलेली कार्डं तीस वर्षं दाबून राहिली की एकमेकांना चिकटून वीट होते. ती ओढून सोडवू नका, लेपाचे टवके निघतात. गठ्ठा लांब कडांनी धरा, किंचित इकडे, किंचित तिकडे वाकवा. बारीक करकर ऐकू आली की थर सुटू लागलेत. मग वरचं कार्ड उचलायचं नाही, बाजूला सरकवायचं.

सुट्या कार्डाचा भाव बघताना विक्रेते काय मागतात ते पाहू नका, शेवटचे चार-पाच सौदे कितीला झाले ते पाहा. ईबेवर विकलेल्या मालाची वेगळी गाळणी असते. भारतात मागवताना कार्डापेक्षा टपालखर्च जास्त होतो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून पंधरा-वीस कार्डं एकदम घ्या. कॅनडातून कोणी येणार असेल तर ती त्यांच्या हातातल्या सामानात येऊ द्यात, चेक-इनच्या बॅगेत नको. तिकडे राहणाऱ्यांना दोन जागा ठाऊक असाव्यात. टिम हॉर्टन्सच्या दुकानांत २०१५ पासून शरद ऋतूत हॉकी कार्डांची पाकिटं मिळतात. मुलांना सुरुवात करून द्यायला ती उत्तम. आणि मिसिसागाच्या इंटरनॅशनल सेंटरमध्ये कार्डांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे काचेच्या पेट्यांपुढे रेंगाळू नका. टेबलांखाली ठेवलेली, प्रत्येक कार्ड एक डॉलर किंवा त्याहून कमी अशी लांब खोकी असतात, आपलं काम त्यांत आहे. रोख पैसे न्या, हव्या असलेल्या कार्डांची यादी कागदावर न्या, आणि शेवटच्या दिवशी दुपारी जा. परत न्यायचं ओझं कमी करायला विक्रेते वीस कार्डांचा एकत्र भाव सहज देतात.

‘जर्सीचा तुकडा’ लावलेलं जाड कार्ड पाहून भुलायला होतं. घेण्याआधी मागचा बारीक मजकूर वाचा. खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यात घातलेल्या जर्सीचा तुकडा वेगळा, आणि फोटोसाठी दोन मिनिटं अंगावर चढवलेल्या जर्सीचा वेगळा. कंपन्या हे शब्द जपून वापरतात. मजकुरात सामन्याचा उल्लेख नसेल तर तो सामन्यातला नाही असंच समजा. सहीचंही तसंच. काही सह्या थेट कार्डावर असतात, काही पारदर्शक चिकटपट्टीवर करून मग डकवलेल्या. मला थेट सहीच खरी वाटते, कारण ते कार्ड त्या माणसाच्या हातात गेलेलं असतं.

खोट्या कार्डांचा विषय टाळता येत नाही, आणि त्यात सगळ्यात जास्त नक्कल झालेलं कार्ड ग्रेट्स्कीचं, १९७९-८० चं, क्रमांक १८. निळी चौकट, एडमंटनची जर्सी. ओ-पी-चीच्या या कार्डाची दहापैकी दहा दर्जा मिळालेली एक प्रत मे २०२१ मध्ये ३७ लाख ५० हजार डॉलरना गेली, तेव्हा नकला का होतात हे वेगळं सांगायला नको. सवडीच्या चाहत्याने हे कार्ड सुटं, बिनपारखलेलं कधीच घेऊ नये. पण खरं-खोटं ओळखायची पद्धत कोणत्याही जुन्या कार्डाला लागू आहे, म्हणून ती शिकून घ्या.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. आधी फोटोवर धरा. ऑफसेट छपाईत रंग चार शाईंच्या बारीक ठिपक्यांनी बनतो, आणि ते ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे ठरावीक रचनेत दिसतात. आता भिंग खेळाडूच्या नावाकडे, काळ्या अक्षरांकडे न्या. खऱ्या कार्डात काळं अक्षर सलग शाईचं, धारदार कडेचं असतं. खोट्या कार्डात मूळ कार्डाची प्रतिमा घेऊन ती पुन्हा छापलेली असते, म्हणून अक्षरंसुद्धा ठिपक्यांत फुटतात आणि कडा धूसर होते. काळ्या अक्षरात निळे-गुलाबी ठिपके दिसले की विषय संपला. मग कडा बघा. जुन्या ओ-पी-चीची पानं तारेने कापली जात, म्हणून कड खरखरीत, फेसाळल्यासारखी असते. नवख्याला ती खराब वाटते, पण तीच खरेपणाची खूण. तिथे गुळगुळीत सरळ कड आढळली तर कोणीतरी नंतर कापून कोपरे टोकदार केलेत अशी शंका घ्यावी. अडीच बाय साडेतीनच्या मापाला लावून बघा. कापलेलं कार्ड केसभर कमी भरतं.

दर्जा ठरवून प्लास्टिकच्या पेटीत बंद करणाऱ्या कंपन्यांकडे साधी कार्डं पाठवू नका, शुल्कच कार्डाहून जास्त. त्यांचे चार निकष मात्र घरच्या घरी वापरता येतात: मध्य, कोपरे, कडा, पृष्ठभाग. मध्य मोजायला पट्टी पुरे. डावी चौकट ३ मिलिमीटर आणि उजवी २ असेल, तर ते साठ-चाळीस. वरच्या दिव्याखाली कार्ड तिरपं करून फिरवलं की ओरखडे चमकतात, समोरून ते कधीच दिसत नाहीत.

सांभाळायचं कसं? कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या मऊ पिशवीत. कोपरे दुमडतात ते इथेच, सरकवताना. स्लीव्हचं तोंड दोन बोटांनी किंचित फुगवा, कार्ड एका कोपऱ्यावर तिरकं धरून आत घाला आणि मग सरळ करा. त्यानंतर टॉपलोडर, म्हणजे तीन बाय चार इंचाचं कडक पारदर्शक कवच. स्लीव्हशिवाय टॉपलोडरमध्ये टाकू नका, कार्ड आत सरकून घासतं. जाडी ‘पॉइंट’मध्ये मोजतात, एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा टॉपलोडर, जर्सीच्या तुकड्याच्या कार्डाला १३० च्या आसपासचा. टपालाने पाठवताना तोंडावर मास्किंग टेप लावा आणि तिचं टोक दुमडून ठेवा. पारदर्शक चिकटपट्टी लावली तर ती काढताना गोंद आत उतरतो आणि समोरच्याच्या हातून कार्ड निसटतं. रबर बँड अजिबात नको, दोन्ही कडांना कायमची खाच पडते.

पानांसाठी पॉलिप्रॉपिलीन लिहिलेलंच प्लास्टिक घ्या. मऊ, वास येणारं पीव्हीसी शाईला चिकटतं. बाईंडरचं कडं इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं असावं. गोल कड्यावर पहिलं पान वर चढतं आणि त्या ओळीतल्या कार्डांवर कड्याचा दाब उमटतो. बाईंडर पुस्तकासारखा उभा ठेवा. एका खिशात पाठीला पाठ लावून दोन कार्डं भरण्याची पद्धत आहे, पानं वाचतात. पण मग मागची बाजू वाचता येत नाही, आणि ती वाचायचीच नसेल तर एवढं सगळं कशाला.

मुंबई-कोकणात खरा शत्रू पावसाळा. धातूसारख्या चमकत्या कागदाचं कार्ड वाकतं, त्याचं कारण साधं आहे: मागचा कागद हवेतला ओलावा पितो आणि फुगतो, पुढचा चमकता थर पीत नाही, म्हणून कार्ड पन्हाळीसारखं वळतं. कॅनडातल्या हिवाळ्यात घरं तापवल्यामुळे हवा कोरडी होते आणि तीच कार्डं उलट बाजूला वळतात. तिकडून आलेली कार्डं लगेच उघड्यावर न ठेवता आठवडाभर बंद डब्यात सिलिका जेलसोबत राहू द्या. आर्द्रता दाखवणारा छोटा काटा डब्यात ठेवा, ४५ ते ५० टक्के चांगली. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, फरशीवर नको. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकायची आपली सवय इथे घातक आहे; त्यांच्या वाफेने काही कडक प्लास्टिक मऊ पडून चिकट होतं. कडुनिंबाचा पालाही नको, त्यात ओलावा असतो. स्वच्छ, कोरडा, घट्ट झाकणाचा डबा एवढंच पुरतं. वळलेलं कार्ड इस्त्रीने सरळ करायच्या फंदात पडू नका. टॉपलोडरमध्ये घालून कोरड्या जागी जाड पुस्तकाखाली चार-पाच दिवस ठेवा, बहुतेक वेळा सरळ होतं.

एक वही मात्र ठेवा. वर्ष, कंपनी, क्रमांक, खेळाडू, किती पैशाला आणि कुठून. दुहेरी खरेदी टळते, आणि अदलाबदलीला बसलात की हाताशी यादी असते.

आता तो नववा खिसा. २०१३ च्या व्हायझर सक्तीतही जुन्यांना सूट मिळाली, अगदी १९७९ सारखीच. २०२४-२५ च्या मोसमात डॅलसचा जेमी बेन, रायन रीव्ह्ज असे काच न लावणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे उरले होते, आणि दर मोसमाला त्यांतले एक-दोन कमी होतात. त्यांतला जो शेवटी उरेल, त्याच्या अखेरच्या मोसमाचं साधं कार्ड त्या खिशात जायचं आहे, वरच्या ओळीतल्या मॅक्टॅव्हिशच्या बरोबर खाली. तोवर तिथे एक रिकामी स्लीव्ह घालून ठेवा, म्हणजे खिशात धूळ जाणार नाही.